चिमटेमामाची गाठ

"अरे, शीर धर नीट! पाहुणीचा हात धरलायस का, लाजतोस कशाला?" चिमटेमामा खेकसला.

गाव ज्याला रेडिओ म्हणायचं त्याच्या गोठ्यापुढचं अंगण म्हणजे निव्वळ उकिरडा. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी तिथला चिखल वाळायचं नाव घेत नव्हता. वर नुसती खपली. पाय ठेवला की खाली काळा रेंदा, आणि त्यात शेण, मूत, कुजका चारा सगळं एकजीव झालेलं. माश्या तर अशा की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. त्या घाणीत रेडिओचा दोन वर्षांचा तांबडा खोंड चारी पाय बांधून आडवा पाडला होता. गडी शिंगं दाबून बसला होता, रेडिओ दोन बोटांत खोंडाची शीर धरून नाक मुरडत होता आणि मामा उकिडवा बसून चिमट्याचे जबडे बेतत होता.

मामाचा धंदाच तो. खोंड माजला, कुणाला जवळ येऊ देईना, की त्याला खच्ची करून बैल बनवायचा. हातभर लांबीचा लोखंडी चिमटा होता त्याच्याकडे. वरची कातडी न फाटता आतली शीर तेवढी चेंगरायची. रक्ताचा थेंब नाही, जखम नाही, आणि थोड्याच दिवसांत बैल मुकाट कामाला. आसपासच्या दहा गावांत नांगराला जुंपलेला एक बैल असा नव्हता की जो मामाच्या चिमट्याखालून गेला नाही. त्यामुळे लोक त्याचं खरं नाव विसरले. रेडिओचं खरं नाव विसरले ते त्याच्या तोंडामुळे. कानावर पडलेली गोष्ट त्याच्या पोटात घटकाभर टिकत नसे.

मामानं दातओठ खाऊन चिमटा दाबला. आत कट्ट झालं, खोंड हंबरला, आणि त्या जोरासरशी मामाच्या विजारीत गरम धार सुटली. थांबवायला गेला तर थांबेना.

"मामा, अंगावर मुतला का रे खोंड?" रेडिओनं विचारलं.

"हं. मुतला."

रेडिओनं खोंडाचं पोट बघितलं, खालची जमीन बघितली, मग मामाची विजार बघितली. "पण हा तर कोरडा आहे."

"तुझं काम झालंय ना? मग दोर सोड आणि गप बस."

गप बसेल तर तो रेडिओ कसला! मामा ओल्या विजारीनं बांधाबांधानं घरी पोचायच्या आत बातमी चहाच्या टपरीवर पोचली होती.

खरं तर हे रडगाणं वर्षभराचं होतं. आधी रात्रीचं उठून जावं लागायचं दोनदा, मग तीनदा, मग पाचदा. कुंपणाशी उभं राहायचं, पाय भरून यायचे, पोटात कळ दाटायची आणि पडायचे ते चार थेंब. वळून घराकडे निघालं की उरलेलं विजारीत. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी! मामानं त्यावर तोडगा काढला होता. चिमट्याच्या पिशवीत तळाला एक जादा विजार, आणि अंगाला तंबाखूचा एवढा वास की दुसरा वास कुणाला लागू नये. पाठ दुखायची, तर म्हणायचा, जन्मभर वाकून काम केलं, दुखायचीच. जनावराच्या लघवीचा रंग जरा बदलला तरी मालकाला शिव्या घालणारा हा माणूस, स्वतःच्या बाबतीत मात्र डोळे मिटून बसला होता.

त्या दिवशी बायकोनं ती विजार काठीच्या टोकावर उचलली आणि बादलीत टाकली.

"उद्या सकाळच्या गाडीनं दवाखान्यात जायचं," ती म्हणाली.

"कशाला? म्हातारपण आहे. येतं आणि जातं."

"म्हातारपण येतं, जात नाही. मी आहे बरोबर. पिशवीत दोन विजारी घेते."

मोठ्या गावातल्या दवाखान्याला फिनेलचा वास होता आणि त्या वासाखालून लघवीचाच वास यायचा. बाकावर मामाच्या वयाचे सात-आठ जण मांड्या आवळून बसले होते, एकमेकांकडे न बघता. सगळ्यांना पाहून मामाला शिसारी आली. आपण यांच्यातले नाही असं त्यानं मनाशी ठरवलं आणि भिंतीशी उभा राहिला. तेवढ्यात कळ आली आणि तोही बाकावर टेकला.

डॉक्टर म्हणजे कालचं पोर. मिसरूड फुटलंय की नाही याची शंका यावी.

"कुशीवर वळा काका. गुडघे पोटाशी घ्या. विजार खाली."

"पोटाला बघायचं तर पोटाला बघ ना."

"तिथून लागत नाही ती ग्रंथी. मागून बोट घालूनच बघावी लागते."

पुढचं सगळं मामानं भिंतीवरच्या पालीकडे बघत सोसलं. थंड, गिळगिळीत, ओंगळ. आयुष्यात त्यानं शेकड्यांनी जनावरं पाडली, बांधली, उलटीपालटी केली, पण असं पाय मुडपून आपण पडू असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोराला लाथ घालावीशी वाटली. पण मान वळवून त्यानं त्याचं तोंड पाहिलं आणि लाथ जागच्या जागी राहिली. जनावर चाचपताना हाताला नको ते लागलं की माणसाच्या कपाळाला जी आठी पडते, ती मामाच्या चांगल्या ओळखीची होती.

"दगड लागला का रे?" त्यानं विचारलं.

"रक्त तपासू," डॉक्टर म्हणाला. "मग सुईनं तुकडा घेऊ. हाडांचा फोटो काढू. मग सांगतो."

रक्त झालं. सुई झाली, तिच्याबद्दल मामा कुणाशी एक अक्षर बोलला नाही, फक्त तीन दिवस लाल लघवी बघून तोंड वाकडं करत राहिला. फोटो झाला. दहा-बारा दिवसांनी निकाल घ्यायला तो मुद्दाम एकटाच गेला.

"काका, पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. प्रोस्टेट म्हणतात तिला. तुमच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ आहे. आणि ती पाठीच्या मणक्यात उतरलीय."

मामा टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. काचेखाली एक मेलेली माशी अडकली होती. इतके झाडणारे-पुसणारे ठेवलेत, आणि ही कुणाला दिसत नाही?

"म्हणजे आटोपलं आमचं," तो म्हणाला.

"तसं नाही. समूळ जायची नाही ती, खोटं सांगत नाही. पण दाबून ठेवता येते, बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं दबते. ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या एका रसावर पोसते. तो रस तोडला की सुकते."

"तणाचं खतपाणी तोडायचं म्हण की."

"अगदी बरोबर काका!" पोर खूश झालं.

"आणि हे खतपाणी येतं कुठून?"

डॉक्टर खाकरला. काहीतरी जड शब्द बोलला. मामाला तो कळला नाही, तेव्हा त्यानं पेनाच्या टोकानं टेबलाखाली बोट दाखवल्यासारखं केलं. मामाला कळलं. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"त्यावर इंजेक्शनं असतात," डॉक्टर घाईघाईनं म्हणाला. "पण आपल्याकडे मिळतं त्यानं तो रस आधी उसळतो आणि मग खाली जातो. तुमच्या मणक्याला ती उसळी झेपायची नाही, पाय कायमचे जाऊ शकतात. छोटं ऑपरेशन केलं तर एका दिवसात काम होतं."

"चिमट्यानं की चाकूनं?"

"काय?"

"चेंगरणार, का कापून काढणार?"

"काका, माणसाला चिमटा लावत नाहीत."

"का?"

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं. "भूल देतो आम्ही," तो म्हणाला. "कळणारसुद्धा नाही."

"मीही खोंडाच्या मालकाला हेच सांगतो," मामा म्हणाला. "जनावराला काही कळत नाही."

"सोमवारी सकाळी या. त्यापलीकडे थांबू नका. पायांत मुंग्या आल्या तर त्याच दिवशी या."

घरी येऊन त्यानं बायकोला अर्धंच सांगितलं. गाठ आहे, बारीकसं ऑपरेशन आहे, सोमवारी बोलावलंय. कसली गाठ, कसलं ऑपरेशन, हे सगळं त्यानं तंबाखूबरोबर गालात धरून ठेवलं. झाकली मूठ. पण दवाखान्यात कागद इकडून तिकडे नेणारा शिपाई हा रेडिओचा मेहुणा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी मामा टपरीवर गेला तेव्हा मूठ केव्हाच उघडली होती.

टपरीवर रेडिओ होता, न्हावी होता, गिरणीवाला होता. मामाला बघून तिघांनीही चहाच्या पेल्यात तोंडं घातली. मग गिरणीवाल्याला राहवेना.

"ये मामा, बस. बसवतं ना?"

"न बसवायला काय झालं?"

"नाही, म्हटलं, सोमवारी बेत आहे म्हणे."

"कसला बेत?"

"तुला नवीन का सांगायचं! तूच त्यातला जाणकार," न्हावी म्हणाला आणि चहा नाकातून येईपर्यंत हसला.

रेडिओनं आवाज बारीक केला, म्हणजे फक्त चार घरांना ऐकू गेला. "मामा, गैरसमज करून घेऊ नकोस, पण नंतर नांगराला जुंपायचं का रे तुला? माझ्या तांबड्याला जोडीदार नाहीये."

"तुझ्या तांबड्यालाच विचार," मामा म्हणाला. "तुझ्याशेजारी उभं राहण्यापेक्षा मी त्याच्याशेजारी उभा राहीन. तो निदान तोंड मिटून चरतो."

"चिडू नकोस रे. थट्टा."

"हे मात्र थट्टेचं नाही," गिरणीवाला आता गंभीर झाला, आणि त्याचं गंभीर होणं हसण्यापेक्षा ओंगळ होतं. "एवढ्या मुक्या जिवांचे तळतळाट, मामा. कुठंतरी फिटायचेच. वर बसलेला बघत असतो."

मामा उठला. चहाचा पेला त्यानं तसाच ठेवला. "मुक्या जिवांचे तळतळाट, काय? आणि 'मामा, लवकर ये, खोंड माजलाय, बायकापोरांना ढुशा देतोय' म्हणून पहाटे माझं दार कोण वाजवायचं? वर बसलेला? तुमच्या सगळ्यांच्या शेतात माझेच बैल राबतात. त्यांच्या कष्टाचं खाता ते गोड लागतं आणि तळतळाट तेवढे माझ्या वाट्याला!"

बोलला खरा, पण घरापर्यंतची वाट त्याला सरता सरेना. लोकांची किळस आली होती आणि त्यांच्याइतकीच स्वतःची. चालता चालता पुन्हा विजार ओली झाली. मागून कुणी येतंय का ते बघायचीही त्याला इच्छा राहिली नाही. खच्ची झाल्यावर जनावराचं काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मानेचा गोळा उतरतो. डोळ्यातली रग जाते. दुसरा खोंड अंगावर आला तरी बाजूला होऊन चरत राहतो. मामानं स्वतःला तसं बाजूला होऊन टपरीवरचं बोलणं ऐकत चघळत राहताना पाहिलं.

रविवारी दुपारी त्याच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. मांडीपासून टाचेपर्यंत. झटकला, चोळला, जमिनीवर आपटला. मुंग्या हलेनात.

तेव्हा तो गोठ्यात गेला, खुंटीवरचा चिमटा काढला आणि फडक्याला तेल लावून पुसत बसला. गोठा रिकामाच होता, गाय चरायला गेली होती. ऊन कौलांच्या फटींतून खाली येत होतं आणि त्यात धूळ आणि माश्या. बराच वेळ पुसून झाल्यावर त्यानं बायकोला हाक मारली.

ती भिजले हात पदराला पुसत आली. "काय?"

"दार लोटून घे."

तिनं दार लोटलं. मामानं सगळं सांगितलं. गाठ कुठं आहे, मणक्यात कशी उतरली, कशावर पोसते, डॉक्टर काय कापणार. खाली बघून, एका दमात. ती ऐकत उभी राहिली. मग त्यानं चिमटा पुढं केला.

"हे इथंच उरकू," तो म्हणाला. "माझा हात बसलेला आहे. दोन मिनिटांचं काम. पण एकट्याला जमायचं नाही, चिमटा दाबायला माझे दोन्ही हात लागणार. तू फक्त शीर धर. दोन बोटांत. मी दाखवतो कशी."

बायकोला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं तोंडावर पदर दाबला आणि दोन पावलं मागं सरून गव्हाणीला टेकली.

"डोकं फिरलंय तुमचं?"

"त्या पोरासमोर पुन्हा विजार सोडायची नाही मला! चार नर्सा, दोन शिपाई, त्यातला एक रेडिओचा मेहुणा. बघायला यायचे सगळे. इथं तुझ्याशिवाय कुणी नाही. शेकड्यांनी केलेत मी. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ना?"

"कान नाहीत ते!" ती ओरडली.

मामाचा पुढं केलेला चिमटा खाली आला. तिचा आवाज एवढा चढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

"जनावराला लावायचा लोखंडाचा तुकडा," ती म्हणाली, "शेणानं, मुतानं, कसल्या कसल्या घाणीनं भरलेला. तो घ्यायचा आणि... आणि मी शीर धरायची? शी! मला धरायला सांगताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? लोकांच्या पुढं विजार सोडायची लाज वाटते, आणि मी काय खुंटी आहे?"

"तू माझी बायको आहेस."

"म्हणूनच सांगते. वर्षभर तुमच्या विजारी धुतेय. अंथरुणाचा वास जावा म्हणून उन्हात टाकते, शेजारीण विचारते तर सांगते मांजर मुतलं. आपल्याकडे मांजर आहे का? मला किळस येत नाही असं वाटतं तुम्हाला? येते. रोज येते. पोटातलं सगळं घशाशी येतं. तरी नाक धरून धुतेच ना? मला किळस आली म्हणून तुम्हाला उकिरड्यावर टाकून आले का मी?"

"मग टाक की! नंतर तसाही बैलच व्हायचाय. बैलाशी संसार करणार आहेस?"

"बैल झालात तर दावणीला बांधीन. वैरण घालीन. मेलात तर कुणाला घालू?" तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तुमच्या त्या मर्दपणाचं मला काय करायचंय आता? या वयात? मला माणूस हवंय घरात. भांडायला, ओरडायला, खोकायला."

तिनं त्याच्या हातून चिमटा हिसकला. तो जड होता, तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. ती तशीच मागल्या दारानं बाहेर गेली आणि शेणखड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं तो आत भिरकावला. वरचं सुकलेलं पापुद्र्यासारखं फुटलं, चिमटा खालच्या हिरव्या रेंद्यात बुडाला, आणि माश्यांचा ढग उठून परत खाली बसला.

मामा उठायला गेला तर उजवा पाय आलाच नाही. त्यानं गव्हाण धरली. बायको परत आली, काही न बोलता त्याच्या काखेखाली खांदा दिला. घरापर्यंतच्या दहा पावलांना त्यांना खूप वेळ लागला. सोमवारची वाट कुणी बघितली नाही. दूधवाल्याची गाडी संध्याकाळी डेरीकडे जात होती, तिच्यात रिकाम्या कॅनच्या मधे बसून दोघं दवाखान्यात गेले.

ऑपरेशनला खरंच अर्धा तास लागला. मामाला खरंच काही कळलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. एवढ्याशा कामासाठी माणूस इतका तडफडतो! मग लघवीची नळी, खाटेला लटकलेली पिशवी, पिशवीतलं पिवळं तांबूस पाणी आणि ते मापून वहीत लिहिणारी नर्स. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दर घटकेला आपली पिशवी उचलून उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "आज माझी तुमच्यापेक्षा साफ आहे." मामा भिंतीकडे तोंड करून पडायचा. रेडिओचा मेहुणा दोनदा उगाच डोकावून गेला. पण मुंग्या तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत उतरल्या आणि आठव्या दिवशी तळपायात मावळल्या. दोन आठवड्यांनी मामा आपल्या पायांनी गाडीतून उतरला.

घरी आल्यावर तो रोज स्वतःला तपासायचा. बैल झालोय का? टपरीवरच्यांची थट्टा आठवून बघायचा, राग येतो का म्हणून. यायचा. चांगला भरभरून यायचा. तेवढं बरं वाटायचं.

महिन्याभरानं रेडिओ आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, आत येईना.

"धाकटा खोंडही माजलाय मामा. कुंपण तोडलं त्यानं काल."

"चिमटा शेणखड्ड्यात आहे. काढ आणि धुऊन आण. तेव्हा बघू."

रेडिओला वाटलं थट्टा आहे. मामाचं तोंड बघितल्यावर वाटेना. त्यानं बाह्या वर केल्या, काठावर पालथा पडला आणि कोपरापर्यंत हात आत घातले. मामा उंबऱ्यावर बसून बघत होता. असं समाधान त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

"मामा," शेणात चाचपडता चाचपडता रेडिओ हळूच म्हणाला, आणि या वेळी खरंच हळू, "तुझं सुरू कसं झालं होतं रे?"

"का?"

"सहज."

"किती वेळा उठतोस?"

रेडिओनं शेणातल्या शेणातच बोटं मोजली. मग म्हणाला, "चारदा. कधी कधी पाच."

"मग जा. बोट घालून बघतात."

"कुठं?"

मामानं सांगितलं.

"शी!" रेडिओचं तोंड वाकडंतिकडं झालं. कोपरभर शेणात हात घालून पडलेल्या माणसानं शी म्हणावं याचं मामाला नवल वाटलं.

"शीच आहे," तो म्हणाला. "मी उशिरा गेलो म्हणून मणक्यात उतरली. तू उद्याच जा. तुझ्या मेहुण्याला मीच सांगून ठेवतो, सगळ्या गावाला कळवायला." रेडिओ उठून बसला. "नको मामा, पाया पडतो," असं म्हणताना त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मामानं विषय सोडून दिला.

थंडी आली. रक्ताचा आकडा झपाट्यानं उतरला, डॉक्टर-पोरानं कागद नाचवून दाखवला. पाठ हलकी झाली. लघवीच्या खेपा सुटल्या नाहीत, पण विजार बऱ्यापैकी कोरडी राहू लागली. सगळं सुरळीत चाललंय असं वाटतंय तोच ते दुसरं सुरू झालं.

बसल्या बसल्या छातीत एकदम भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. आग गळ्यावरून वर चढायची, कान तापायचे, तोंड लालबुंद. मग डोक्यापासून घामाच्या धारा, सदरा पाठीला चिकटायचा, आणि आंघोळ केल्यासारखा भिजून मामा थंडीनं कुडकुडायला लागायचा. दिवसातून सहा-सात वेळा. उगाच डोळे भरून यायचे. वासरू पडलं तरी रडू, गायीनं दूध कमी दिलं तरी रडू. तो समजून चुकला. गाठ पुन्हा उठली, आता ती हाडातून रक्तात आली, आणि हा शेवटचा ताप. आठ दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी तिन्हीसांजेला, बाहेर बोचरा वारा सुटलेला असताना, तो सदऱ्याची बटणं उघडी टाकून, निथळत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

बायको चुलीपुढं बसली होती.

"ऐक," तो म्हणाला. "शहरातल्या आपल्या पोराला बोलावून घे. माझं काही खरं नाही."

तिनं वळून पाहिलं. "काय होतंय?"

त्यानं सांगितलं. सांगताना पुन्हा रडू फुटलं, आणि त्या रडण्याची त्याला इतकी चीड आली की तो दारालाच एक गुद्दा मारून बसला.

"छातीतून वर चढतं का?" तिनं विचारलं.

"हो."

"कानाच्या पाळ्या तापतात?"

"हो."

"मग घाम. मग हुडहुडी. आणि अंगावर घोंगडी घेतली की पुन्हा आग?"

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कुणी सांगितलं? डॉक्टर बोलला तुझ्याशी?"

बायकोच्या ओठांचे कोपरे हलले. मग खांदे हलले. ती हसत होती. वर्षभरात त्यानं तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता ती अशी हसत होती की तिला हातातली फुंकणी खाली ठेवावी लागली.

"मी मरायला टेकलोय आणि तुला हसू येतंय?"

"काही मरत नाही तुम्ही. सहा वर्षं होतं मला हे. पाळी गेली तेव्हापासून. अस्संच. रडणंसुद्धा. तुमचाही तो रस तुटलाय आता, त्याचंच हे."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बाईमाणसाची थेरं आहेत. दोन दिवस काम कर, उतरतील."

मामाला ते आठवेना. पण आपण असं म्हटलं असणार यात त्याला तिळमात्र शंका वाटली नाही. घाम पुसायचा राहून गेला. इतके दिवस त्याला लोकांची किळस आली, दवाखान्याची आली, स्वतःच्या अंगाची आली, पण आज आली तशी आतून कधी आली नव्हती. तो उंबऱ्यावर खाली बसला.

"मग तू काय करायचीस, असं झालं की?" त्यानं विचारलं.

"काय करणार? स्वयंपाक करायचे," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड पुढं सारलं. "इथंच बसून, चुलीपुढं. सरका आता जरा, वारा अडवू नका."